तिच्याच आवाजातले प्रश्न

संध्याकाळी होडी धक्क्याला लागली की तनुजा वाघचौरे तिथल्या आपल्या खोलीत आधी चहा मागवायची आणि मग स्वतःच्या चुका ऐकायला बसायची. चहा टपरीवरून यायचा, चुका मनकवड्यातून.

मनकवडा म्हणजे कानामागे चिकटवायचं, चिंचोक्याएवढं यंत्र. आपण दिवसभर काय बोललो, कुणाला तोडलं, कुणाचं वाक्य पुरं होऊ दिलं नाही, हे सगळं ते ऐकून ठेवायचं आणि संध्याकाळी आपल्याच आवाजात आपल्याला तीन प्रश्न विचारायचं. उत्तर मोठ्यानं द्यायचं. ते चार भिंतींबाहेर जाणार नाही, अशी कंपनीची हमी होती. साहेबलोकांना शहाणं करायचे आजवर जे उपाय निघाले, त्यांत हा त्यातल्या त्यात बरा. निदान भाषण तरी ऐकावं लागत नव्हतं.

तनुजा मूळची बार्शीची. रत्नागिरीच्या किनाऱ्यापासून दूर, भर समुद्रात उभ्या केलेल्या पवनचक्क्यांच्या दुरुस्ती-पथकाची प्रमुख म्हणून ती आली, तेव्हा तिला धड पोहताही येत नव्हतं. हुकूम सोडता मात्र येत होता. पथकातली माणसं इथलीच, बरीचशी मासेमारी सोडून आलेली. त्यांची एक रीत होती. होडी धक्क्यावरून सुटली की नकार तोंडातून काढायचा नाही. पाण्यावर 'नको' म्हणणं अशुभ. ज्याला त्या दिवशी मनोऱ्यावर चढायचं नसेल, त्यानं मुकाट्यानं मनोऱ्याकडे पाठ करून बसायचं आणि जाणत्यानं समजून घ्यायचं. तनुजाला हे कुणी सांगितलं नव्हतं. तिनंही कधी विचारलं नव्हतं.

पहिल्याच हंगामात प्रसन्न भाटकर असा पाठ करून बसला. "अडचण काय आहे ते तोंडानं बोल, नाहीतर चढ," तिनं त्याला सगळ्यांदेखत झापलं. तो बोलला नाही, चढला, आणि वर घेरी येऊन दोराला लोंबकळला. जीव वाचला, पण उजवा खांदा कायमचा गेला. तेव्हापासून तो धक्क्यावरच्या बिनतारी खोलीत बसतो.

त्यानंतरच कंपनीनं तिला मनकवडा दिला. पहिल्या संध्याकाळी तिच्याच आवाजानं तिला विचारलं, "प्रसन्न बोलला नाही, की तू त्याला बोलायला जागाच ठेवली नाहीस?" तनुजाला इतका संताप आला की तिनं यंत्र टेबलावर आपटलं. दुसऱ्या दिवशी मात्र तिनं माणसांना त्या गप्प बसण्याचा अर्थ विचारला. मग ती चढाईबद्दल होडीत नव्हे, धक्क्यावरच विचारू लागली. प्रसन्नच्या घरी जाऊन त्याच्या आईसमोर तिनं माफी मागितली. हळूहळू माणसं तिची थट्टा करू लागली, आणि गणपतीत जेवायचं बोलावणं आलं तेव्हा तिला पोस्टिंग मिळाल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मनकवडा एका माणसाबद्दल मात्र पुन्हापुन्हा विचारायचा. दत्ताराम शिरधनकर हा तिचा दुय्यम. पन्नाशीचा, सुकाणूवर बसणारा, कमी बोलणारा. "दत्ताराम तुझ्याहून जाणता आहे, हे तुला का खुपतं?" खुपत होतंच. माणसं माझा हुकूम ऐकतात आणि आधी त्याच्याकडे बघतात, मला त्याची भीती वाटते, हे ती त्या यंत्रापाशी बोलली होती. एकदा बोलताबोलता ढसाढसा रडलीही होती. पुढे तिनं एकेक काम त्याच्यावर सोपवलं, 'शिरधनकर'चे 'दत्तारामभाऊ' झाले. आता तिला नव्या केंद्रावर बढती मिळाली होती आणि पथक कुणाच्या हाती द्यायचं ते उद्या कळवायचं होतं. तिनं दत्तारामचं नाव पक्कं केलं होतं.

आज मनकवड्यानं विचारलं, "केतकीनं पाठ फिरवली तेव्हा तुझ्या कपाळाला आठी का पडली?"

तनुजा उत्तर द्यायला लागली आणि थांबली. केतकी तांडेल पथकात नवी. सकाळी धक्क्यावर हो म्हणाली आणि होडीत पाठ करून बसली. तनुजानं चकार शब्द न काढता तिच्याऐवजी दुसऱ्याला चढवलं होतं. आठी पडली असेल, नाही कोण म्हणतं? पण मनकवड्याला कान होते, डोळे नव्हते. शिवाय खारं पाणी लागू नये म्हणून होडीत जाताना ती यंत्र इथल्या खणातच ठेवून जायची; ते ऐकायचं ते फक्त धक्क्यावरचं बोलणं.

सकाळी तनुजा होडीच्या पुढच्या टोकाला, मागे तोंड करून उभी होती. बाकीचे खाली वाकून कमरेचे पट्टे आवळत होते. तिच्याकडे तोंड होतं ते फक्त सुकाणूवरच्या माणसाचं.

तिनं दत्तारामला आत बोलावलं आणि यंत्र त्याच्यासमोर ठेवलं.

"हे प्रश्न तुम्ही पाठवता?"

त्यानं आढेवेढे घेतले नाहीत. "त्या यंत्राला नुसत्या आवाजावरून माणूस कळत नाही, मॅडम. आतला एक जण लागतो. निकटचा निरीक्षक म्हणतात त्याला. मी लिहून द्यायचं, ते तुमच्या आवाजात बोलायचं. माझं नाव फुटलं तर उपयोग संपला, असं कंपनीनं बजावलं होतं."

"आणि माझी उत्तरं?"

"ऐकायला लागायची. त्याशिवाय पुढचं काय विचारणार?"

"मी रडले होते, तेही?"

दत्तारामनं मान खाली घातली.

तनुजाला भर दिवसा चारचौघांत उघडं पडल्यासारखं झालं. जिवाभावाच्या मैत्रिणीलाही न सांगितलेलं ती या खोलीत बोलली होती, आणि ज्याच्याबद्दल बोलली तोच पलीकडे बसून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी तोच तिला हात देऊन होडीत घेत होता. इतका विश्वासघात तिचा कुणी केला नव्हता.

"तुमच्याबद्दलचे प्रश्नही तुमचेच ना? पथक हवं होतं, तर तोंडानं मागायचं होतं, शिरधनकर."

"मागितलं होतं. तुम्ही येण्याआधी, कंपनीकडे. त्यांनी बार्शीहून माणूस आणला." त्याचा आवाज पहिल्यांदाच चढला. "पण एक तरी प्रश्न खोटा होता काय? त्यानंतर कुणाला साधं खरचटलं तरी आहे? तुम्ही सुधारलात, मॅडम. मी डोळ्यांनी बघितलंय."

हेच तर झोंबत होतं. एकही प्रश्न खोटा नव्हता. स्वतःला ओळखलं म्हणून ती जे मिरवत होती, ते दुसऱ्यानं तिला हाताला धरून दाखवलं होतं, आणि त्यात त्याचा स्वार्थ होता. मग ती बदलली की तिला बदलवलं? तिला सांगता येईना.

शेजारच्या खोलीतून प्रसन्नचा आवाज येत होता. तो होड्यांना उद्याच्या वाऱ्याचा अंदाज वाचून दाखवत होता. तो ऐकताऐकता तनुजाला एक प्रश्न सुचला. हा कुणी लिहून दिलेला नव्हता.

"प्रसन्न पाठ करून बसला त्या दिवशी सुकाणूवर तुम्हीच होतात. त्याचा अर्थ तुम्हाला माहीत होता. मला का नाही सांगितलंत?"

"होडीत होतो. रीत आहे."

"नकार द्यायचा नाही ही रीत. मला नुसती खूण केली असतीत तर?"

तनुजानं त्याला घाई केली नाही. एवढं ती शिकली होती.

"तुम्ही तोंडघशी पडावंत असं वाटत होतं," शेवटी तो म्हणाला. "तुम्ही. पोरगा नव्हे. तो पडेल असं मनातसुद्धा आलं नव्हतं. नंतर कंपनीनं हे काम विचारलं, म्हटलं, तुम्हाला सुधारलं की आपलं पाप फिटेल." त्यानं तळहातानं तोंड पुसलं. "फिटलं नाही. आणि त्या दिवसाबद्दल मला कधी कुणी विचारलंही नाही."

तनुजाचा राग गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण समोर बसलेला माणूस तिला पहिल्यांदा नीट दिसला, आणि त्याच्याच हाती उद्या सगळ्यांचे जीव द्यायचे होते. नाव खोडलं तर कंपनी पुन्हा कुणीतरी परका पाठवणार. गप्प राहून नाव तसंच ठेवलं, तर पलीकडच्या खोलीत बसलेल्या पोरापासून हे लपवणारे दोघे होणार.

प्रसन्नचं वाचन संपलं. त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. घरी जाताना तो रोज इथे डोकावून जायचा.

"हे त्याला कोण सांगणार?" तनुजानं विचारलं. "तुम्ही, की मी?"