मागच्या रांगेतला हात

व्यसनमुक्ती केंद्रात मास्तरांना पहिलं काम मिळालं ते खुर्च्या मांडायचं. बावीस वर्षं पोरांकडून बाकं सरळ करून घेतलेला माणूस आता स्वतः प्लॅस्टिकच्या खुर्च्या ओढत होता, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते काम आवडलं होतं. खुर्च्या काही विचारत नाहीत. रोज दुपारी चारला सभा असे. पाच रांगा मांडायच्या, आणि समोर एक खुर्ची, बोलणाऱ्यासाठी.

सभेचा नियम काकांनी घालून दिलेला. काका म्हणजे केंद्राचे समुपदेशक. चौदा वर्षांपूर्वी ते स्वतः याच हॉलमध्ये हातातला पाण्याचा ग्लास सांडत बसले होते, त्यामुळे त्यांना थापा मारण्यात अर्थ नव्हता. समोर बसलेल्याने आपण काय केलं ते सांगायचं. ज्याला ऐकू आलं नाही त्याने हात वर करायचा. हात वर झाला की तेच पुन्हा सांगायचं, मोठ्याने.

"पिऊन आलो की आपला आवाज गल्लीच्या टोकापर्यंत जायचा," काका म्हणायचे. "कबूल करतानाच कसा घशात अडकतो?"

बाराव्या दिवशी मास्तरांची पाळी आली. त्यांनी शाळेतून काढल्याचं सांगितलं, बायको माहेरी निघून गेल्याचं सांगितलं. मग मांडीवरच्या हातांकडे बघत म्हणाले, "आईला ऐकू कमी यायचं. तिचं कानाचं यंत्र हरवलं. त्यानंतर पंधरा दिवसांनी ती रस्त्यात गेली. टेम्पो मागे येत होता, तिला ऐकू आला नाही."

शेवटच्या रांगेत एक हात वर झाला.

मास्तरांनी वाक्य पुन्हा म्हटलं. हात तसाच. तिसऱ्यांदा म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतली माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"झालं, मास्तर," काका हळूच म्हणाले. "सगळ्यांना ऐकू आलं."

"पण मागे... हात आहे."

काकांनी वळून पाहिलं. ते हसले नाहीत. "मागची रांग रिकामी आहे. पहिल्या महिन्यात दिसतं असं काहीबाही. पाणी प्या."

मास्तर पाणी प्यायले. पण त्या हाताची बाही त्यांनी ओळखली होती. राखाडी स्वेटर, मनगटाशी उसवलेला. तो स्वेटर आईच्या अंगावरच राहिला होता, शेवटपर्यंत.

यंत्र हरवलं नव्हतंच. ताईने, म्हणजे मास्तरांच्या थोरल्या बहिणीने, ते आईला घेऊन दिलं होतं. पडलं तर चटकन दिसावं म्हणून त्यावर नेलपॉलिशचा लाल ठिपकाही लावला होता. एका सकाळी आई अंघोळीला गेली असताना मास्तरांनी ते फळीवरून उचललं. बंद करायचं त्यांच्या लक्षात आलं नाही. असं यंत्र मुठीत धरलं की बारीक शिट्टी वाजायला लागते. तशी ती वाजली. जरा वेळ घुटमळून ते दाराकडे वळले, तेव्हा आई अंघोळ आटोपून, त्यांच्याकडे पाठ करून केस विंचरत बसली होती. मुठीत शिट्टी वाजत असताना ते तिच्या पाठीमागून, दोन हातांवरून, बाहेर पडले. तिला कळलं नाही. ते यंत्र त्यांना दोन दिवस पुरलं.

संध्याकाळी ताई आईवर डाफरली, "एवढी महागाची वस्तू, तुला साधी सांभाळता येत नाही?" आईने तिच्या ओठांकडे पाहिलं, मग एकदाच मास्तरांकडे पाहिलं. "माझंच चुकलं," ती म्हणाली. "पडलं असेल कुठेतरी." मास्तर त्या वेळी ताटावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली आणि जेवत राहिले. त्या घासांची त्यांना आजही लाज वाटायची, विकल्यापेक्षाही जास्त.

सभेनंतर ती शिट्टी केंद्रात ऐकू यायला लागली. जेवणानंतर सगळे आडवे झाले, पंखे बंद असले, की अगदी बारीक, सुईसारखी. मास्तर उशी उचलून बघायचे, गादीखाली बघायचे. मग एका दुपारी त्यांच्या ध्यानात आलं की आपण मूठ मिटली की ती येते. तेव्हापासून ते तळवे उघडे टाकून झोपायला लागले.

"काय मास्तर," शेजारच्या कॉटवरचा ड्रायव्हर म्हणाला, "स्वप्नातसुद्धा हात पसरता? इथे कोण देणार आहे?"

मास्तर हसले, पण हात मिटले नाहीत.

रविवारी घरच्या माणसांसमोर बोलायचं होतं. मास्तरांकडून कोणी येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, पण काकांच्या फोनवरून ताई आली. आई गेल्यापासून ती त्यांच्याशी बोलली नव्हती. ती स्वतःशीही फारशी बरी वागत नव्हती, असं मेहुण्यांनी काकांना सांगितलं होतं. आईला शेवटचं आपण रागावून बोललो, हे तिच्या मनातून जात नव्हतं. हे कळल्यावर मास्तरांनी यंत्राचं खरं काय ते काकांना एकट्याला सांगून टाकलं.

"तुमच्या ताईंना खरं कळायला हवं," काका म्हणाले. "तुमच्यासाठी नाही. त्यांच्यासाठी."

त्या दुपारी मास्तरांनी चारच रांगा मांडल्या. पाचवीच्या खुर्च्या एकात एक घालून बाहेर व्हरांड्यात नेऊन ठेवल्या. आभाळ भरून आलं होतं, हॉलमध्ये चारलाच अंधारल्यासारखं झालं होतं. ताई चौथ्या रांगेत कडेला, पर्स मांडीवर धरून बसली.

"ताई," मास्तर म्हणाले, "यंत्र आईने हरवलं नव्हतं. मी विकलं. दारूसाठी."

ताई हलली नाही. पण तिच्या मागे, जिथे आता एकही खुर्ची नव्हती, तिथे हात वर झाला. बसलेल्या माणसाचा वर होतो तेवढ्याच उंचीवर. हॉलमध्ये बामाचा वास आला, आई गुडघ्यांना लावायची तो.

मास्तरांनी वाक्य पुन्हा म्हटलं. मोठ्याने. हात खाली आला नाही.

मग त्यांना उमगलं. हे तर तिला ठाऊकच होतं. त्या संध्याकाळी, ताटावर, तिने पाहिलं होतं त्यांच्याकडे. तिला ऐकू आलं नव्हतं ते दुसरंच काहीतरी.

"आणि त्या दिवशी..." ते त्या हाताकडे बघत म्हणाले, "त्या दिवशी मी तिथे होतो."

ताईने मान वर केली.

"कोपऱ्यावर. भिंतीला टेकून. सकाळचे अकरा वाजले होते आणि मी प्यायलेलो होतो. आई पिशवी घेऊन चालली होती. टेम्पो मागे येताना मला दिसला. मी हाक मारली... हळू मारली. समोरच्या दुकानात माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप उभे होते. ओरडलो असतो तर सगळ्यांनी वळून बघितलं असतं. माझी जीभ जड झाल्याचं त्यांना कळलं असतं. म्हणून हळू मारली."

काका खाली बघत होते. राखाडी बाहीतला हात अजून वरच होता, जरासा थरथरत, बराच वेळ वर धरल्यामुळे दुखत असल्यासारखा.

मास्तर उभे राहिले. शेवटच्या बाकापर्यंत जायचा तो जुना, वर्गातला आवाज त्यांनी कुठून तरी ओढून काढला.

"आई! मी तुला हळू हाक मारली! मला लाज वाटली म्हणून!"

खिडकीची तावदानं हलली. हात हळूहळू खाली आला आणि दिसेनासा झाला. बामाचा वासही गेला. मास्तर खुर्चीत कोसळले आणि बाहेरगावी हरवलेल्या पोरासारखे रडायला लागले. किती तरी महिन्यांनी त्यांना वाटलं, की झालं, संपलं.

तेवढ्यात पुढून ड्रायव्हर कुजबुजला, "ही शिट्टी कसली वाजतेय?"

बाकीचेही इकडेतिकडे बघायला लागले. या खेपेला ती सगळ्यांना ऐकू येत होती.

चौथ्या रांगेत ताई उभी होती. पर्स खाली पडली होती आणि तिला त्याचं भान नव्हतं. तिचा उजवा हात वर होता, मूठ घट्ट मिटलेली, आणि शिट्टी त्या मुठीतून येत होती. बोटांच्या फटीतून काहीतरी लाल, ठिपक्याएवढं, दिसत होतं.

"मला ऐकू आलं नाही," ताई म्हणाली. आवाज तिचाच होता, पण ती मास्तरांच्या डोळ्यांकडे बघत नव्हती. त्यांच्या ओठांकडे बघत होती. "परत सांग."