मला उठायला लावू नका

सोफा कुठे ठेवायचा, एवढंच ठरवायचं होतं. रविवारी दुपारी तीन वाजता माझी लेक घरी यायची होती, तब्बल सहा वर्षांनी, आणि तिची एकच अट होती. फोनवर म्हणाली, "आई, तो सोफा दारासमोर असेल तर माझा पाय आत पडायचा नाही. उंबऱ्यावरूनच परत फिरेन."

"हलवते," मी म्हटलं. "तू ये."

हॉल काही मोठा नाही. दार उघडलं की समोर भिंत, डाव्या हाताला खिडकी, उजव्या हाताला स्वयंपाकघर. समोरच्या भिंतीला सोफा, तपकिरी रेक्झिनचा, अंगाने जड. म्हणायचा तीन जणांचा, बसायचे हे एकटेच. सत्तावीस वर्षं ह्यांनी तो तिथून इंचभर हलू दिला नाही. दाराकडे तोंड करून बसलं की कोण किती वाजता आलं, कोण कुठे निघालं, सगळं नजरेखाली. डोकं मागे भिंतीला टेकलेलं. केसांना रोज तेल चोपडायचे, काळपट, कडवट वासाचं. त्या तेलाचा भिंतीवर डाग पडला होता, बशीएवढा. दर महिन्याला मी तो साबणाने घासायचे आणि दर महिन्याला तो पुन्हा उमटायचा.

ह्यांनी कधी कुणावर हात उगारला नाही, हे मी जन्मभर लोकांना सांगत आले. खरंच नाही उगारला. गरजच पडली नाही. सोफ्यावरून फक्त म्हणायचे, "मला उठायला लावू नका." आवाजही चढवायचे नाहीत. तेवढ्यावर सगळं घर चिडीचूप. उठले तर काय करतील, हे कुणी पाहिलं नव्हतं, कारण तशी वेळच कुणी येऊ दिली नाही.

सहा वर्षांपूर्वी एका संध्याकाळी लेक कामावरून आली आणि दारातच तिनं सांगितलं, मी लग्न ठरवलंय, माझं मी. एक चप्पल काढून झाली होती, एक पायात होती. हे म्हणाले, "आत आलीस तर मला उठावं लागेल." तिनं माझ्याकडे पाहिलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात कालथा. मी ब्र काढला नाही. तिनं काढलेली चप्पल पुन्हा पायात घातली आणि जिना उतरून गेली. त्या कालथ्याचा मला अजून राग येतो. कालथ्याला तरी कशाला बोल लावू? माझ्या तोंडाला काय धाड भरली होती?

आठ महिन्यांपूर्वी हे गेले. सोफ्यावरच, बसल्या जागी.

मंगळवारी हॉल रंगवायला रंगारी आला. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, तोंडाने फटकळ. डाग पाहून म्हणाला, "काकू, भिंतीला उशी समजायचं का कुणी इथं?"

"आमचे हे."

"अस्तर लावून वर दोन हात मारतो. पुन्हा दिसला तर माझं नाव बदला."

आधी आम्ही दोघांनी मिळून सोफा खिडकीखाली ओढला. ह्यांच्या कोपऱ्यात गादीला खड्डा पडला होता. रंगारी गेल्यावर मी मुद्दाम त्या खड्ड्यात बसून पाहिलं. रेक्झिन कोमट लागलं, नुकतंच कुणी उठून गेल्यासारखं. ऊन लागलं असेल, असं म्हटलं मनाशी. पण आमच्या खिडकीत ऊन सकाळी येतं, आणि तेव्हा चार वाजून गेले होते.

बुधवारी दुपारी खिडकीच्या काचेवर तेलकट ठसा दिसला. बशीएवढा. मी तो साबण लावून, कागदाने चोळून पुसला. काच लख्ख झाली, वास मात्र बोटांना राहिला. तोच कडवट. ती तेलाची बाटली मी स्वतःच्या हाताने कचऱ्यात टाकली होती, ह्यांना नेल्याच्या दुसऱ्या दिवशी. तुम्हाला वाटेल मी घाबरले. खोटं कशाला सांगू, घाबरायला हवं होतं, पण मला आला संताप. सत्तावीस वर्षं घासला तो डाग, आता पुन्हा घासायचा?

गुरुवारी रंगारी दुसरा हात मारायला आला, तेव्हा सोफा स्वयंपाकघराच्या भिंतीला लावला. तिथून दार बघायचं तर मान मुरगळावी लागते. मुरगळू दे, म्हटलं. शुक्रवारी दुपारी त्या भिंतीवर, नव्या कोऱ्या रंगावर, डाग. ओला. रंगाऱ्याला बोलावून दाखवला. त्यानं बोट लावलं, नाकाशी नेलं.

"काकू... ओल असती तर आतून फुटली असती," तो हळूच म्हणाला. "हे आतून नाही आलेलं. हे... बाहेरून टेकलंय."

माझा तोल गेला. त्या परक्या माणसासमोर मी सोफ्यावर ओरडले, "मेलात तरी जागा सोडवत नाही का तुम्हाला? इथं नको, तिथं नको, मग काय छताला टांगू?" रंगारी दाराकडे सरकला. सोफा आपला होता तिथेच होता.

शनिवारी मी तो घराबाहेरच काढला. रंगारी हातगाडीवाल्याला घेऊन आला.

"पाहुण्यांना बसवणार कुठे?" त्यानं विचारलं.

"चटईवर. तुम्ही न्या."

जिना उतरताना सोफ्याच्या स्प्रिंगा करकरल्या, हे बसताना करकरायच्या तशाच, आधी लांबलचक आणि मग एकदम बंद. हातगाडी वळणाआड जाईपर्यंत मी कठड्यापाशी उभी होते. मग रंगाऱ्यानं सगळ्या हॉलला शेवटचा हात मारून दिला. गडबडीत कानावरची पेन्सिल खिडकीत विसरून गेला. त्या मोकळ्या हॉलच्या मधोमध मी बसले आणि कितीतरी वर्षांनी पाय पसरले.

रविवारी अडीच वाजता मी चटई घातली. चहाचं आधण ठेवलं. समोरची भिंत पाहिली, ह्यांचं डोकं टेकायचं त्या उंचीवर. स्वच्छ होती. खिडकी पाहिली, स्वयंपाकघराची भिंत पाहिली. कुठे काही नाही. इमारतीत दुपारची सामसूम होती आणि रंगाचा वास होता.

मग रंगाच्या वासात तो दुसरा वास मिसळला.

मी मान वर केली. डाग समोरच्याच भिंतीवर होता, पण वर, माझ्या डोक्याच्याही वर. वीतभर. हे माझ्याहून वीतभर उंच होते.

क्षणभर काही उमगलं नाही. मग उमगलं. बसायची जागा मीच काढून घेतली होती. सत्तावीस वर्षांत कुणी केलं नाही ते मी केलं होतं. मी ह्यांना उठायला लावलं होतं.

आधण उतू जाऊ लागलं म्हणून मी गॅस बंद करायला गेले. परत आले तर खिडकीच्या बाजूला, तितक्याच उंचीवर, दुसरा डाग. भिंतीभिंतीने चालत गेल्यासारखा. मी पदराने पुसायला धावले. पुसून वळले, तर तिसरा दाराच्या चौकटीशी...

आणि बेल वाजली.

दारात लेक. अंगाने थोडी भरलेली, कानाशी दोन पांढरे केस. मला पाहून हसली. एक चप्पल काढली. आणि तिची नजर माझ्या डोक्यावरून मागे गेली, वर गेली, आणि तिथेच राहिली.

"आई..."

"काय गं?"

"तू सोफा काढलास म्हणालीस..."

"काढला ना. बघ, हॉल मोकळा आहे."

"हो... पण मग बाबा..." तिनं बोट वर केलं. "बाबा उभे का आहेत?"

मानेवर काहीतरी थंड, ओशट लागलं. मी वळले नाही. मी लेकीच्या पायाकडे बघत होते. तो पाय मागे गेला आणि काढलेली चप्पल चाचपायला लागला.

तेव्हा मात्र माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी गर्रकन वळले. मला काही दिसलं नाही, रिकामा हॉल आणि घातलेली चटई. ह्यांना मी जन्मात 'अहो'शिवाय हाक मारली नव्हती.

"ए," मी म्हटलं. "बस खाली."

मी समोरच्या भिंतीकडे बोट दाखवलं.

"उठलास ना? पाहिलं आम्ही. एवढंच होतं तुझ्यापाशी? सत्तावीस वर्षं एवढ्यालाच भीत होतो आम्ही? बस. माझी लेक आत येतेय."

मग समोरच्या भिंतीकडून, जिथे आता काहीही नव्हतं तिथून, स्प्रिंगा करकरल्या. आधी लांबलचक. मग एकदम बंद.

लेकीनं दुसरी चप्पल काढली.

आता ती दर रविवारी येते. चौकटीवरचा डाग आपोआप गेला. समोरच्या भिंतीवरचा आहे, पण खाली उतरून बसल्या माणसाच्या उंचीवर. रंगारी म्हणाला, पुन्हा हात मारू का? मी म्हटलं, राहू दे. त्याच्याच पेन्सिलीनं मी डागाच्या वरच्या कडेला एक रेघ मारून ठेवलीय. आणि एक खुर्ची आणलीय, साधी, लाकडी. ती कुठे ठेवायची याचा मला विचार करावा लागला नाही. डागाच्या बरोबर समोर, दाराकडे पाठ करून.

"आई, भिंतीकडे तोंड करून काय बसतेस?" लेक विचारते.

"कुणीतरी लक्ष ठेवायला नको?" मी म्हणते.

परवा सकाळी पाहिलं, तर डाग रेघेच्या दोन बोटं वर सरकला होता. खुर्ची दोन बोटं पुढे घेतली आणि बसले.