डब्ब्यातला दुसरा

मी भूत मानत नाई. हे आधीच सांगून ठेवते.

आमी विहारात जाणारी माणसं. अंगात आलं, करणी झाली, असं कोणी माझ्या ओट्यावर बोललं तं मी त्याले चहा न पाजता हाकलते. शाळा मी दुसरीपर्यंत शिकली. पण कान काही शाळेतून मिळत नाई. जे ऐकलं ते जसंच्या तसं सांगते. पटलं तं ठीक, नाई तं आपल्या घरी सुखी राहा.

साल दोन हजार चार. गाव अहेरी. श्रावणाची झड लागलेली.

आणि रात्र नव्हती... भर दुपार होती.

आदल्या पावसाळ्यात माझा लेक देवाजी गेला. प्राणहिता ओलांडून येताना डोंगा उलटला. बाकीचे पोहून निघाले. देवाजी सापडलाच नाई.

मी रडली नाई. विहारात त्याचं पुण्यानुमोदन केलं, भंतेजींना जेवू घातलं आणि कामाले लागली. गावभर मले गिरजाबाई म्हणते. देवाजी एकटा चिडवाले "ठाणेदारीन" म्हणे. पायातल्या चपला काढता काढता ओरडे, "ठाणेदारीन, जेवाले वाढा!" ते बंद झालं. बस.

सून अन्नपूर्णा मात्र मानेना. "आई, पाह्यल्याबिगर मी कशी मानू?" असं म्हणून ती तासन् तास नदीकडे तोंड करून बसे. मले त्याचीच धास्ती. एक नदीनं नेला होता. दुसरी मले द्यायची नव्हती.

अशात शहरातल्या विद्यापीठातून नूतन नावाची पोरगी आमच्याकडे भाड्यानं राहाले आली. संगे तिच्या हाताखालचा अश्वजित. चाळिशीचा बाप्या, विड्या ओढून ओढून सदा खोकलणारा.

समोरच्या खोलीत त्यांनी कॉम्प्युटर मांडला. त्याले जोडला एक काळा डब्बा. लोकांनी समोर बसून विचाराचं, डब्ब्यानं उत्तर द्यायचं.

गाव लोटलं. कोणी बैलाचा रोग विचारे, कोणी आलापल्लीची बस. डब्बा सपाट आवाजात सांगे. रेशनच्या दुकानदारासारखा, ना राग ना लोभ.

पण घर माझं आहे. माझ्या भिंतीले भोक पडलं तं मले दिसणारच. तार मागच्या कोठीत गेली होती. तिथी अश्वजित बसे. कानाले हेडफोन, तोंडापुढे माईक. तो बोले, मशीन आवाज बदलवे, आणि लोकाले वाटे डब्बाच बोलून राह्यला.

मी नूतनले धरलं. "काऊन वं, हे काय सोंग?"

"आजी, उद्या खरोखर बोलणारी यंत्रं येणार. माणसानं त्यांच्याशी कसं वागायचं, त्यांनी माणसाशी खोटं बोलावं का, यावर आमचं संशोधन आहे. तसं यंत्र आज नाही, म्हणून मागे माणूस बसवलाय."

"म्हणजे लोकाले फसवावं का नाई, हे पाहाले तुमी आधी फसवून घेता?"

पोरगी लाल झाली. "शेवटी सगळ्यांना खरं सांगणार आहोत, आजी. तसा नियमच आहे. आणि खोटी आशा कुणालाच द्यायची नाही."

मग एक दिवस अन्नपूर्णा डब्ब्यासमोर जाऊन बसली.

"माझा मालक जिता आहे का?"

डब्बा थांबला...

"मला माहीत नाही."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशीही. मी मनात म्हटलं, बरं आहे. थकेल आणि सोडेल.

ती थकली नाई.

हसाले लागली.

भात रांधताना आपल्याशीच हसे. केसाले तेल लावून वेणी घालाले लागली. मले वाटलं, दुःख हलकं होऊन राह्यलं.

आणि ती दुपार आली. नूतन बाजारात गेली होती. मी स्वयंपाकघरात बांबूचे वास्ते, कोवळे कोंब, चिरत बसली होती. समोरून अन्नपूर्णेचा आवाज आला.

"पानी थंड आहे का?"

मग डब्ब्याचा...

"सवय झाली."

माझा हात विळीवरच राह्यला.

"मंग मी येऊ?"

"आता नको. नदी उतरली की ये."

माझं डोकं फिरलं. हा विडीखाऊ माझ्या सुनेले नदीत धाडून राह्यला! मी उठली, अन् कोठीचं दार लाथेनं उघडलं.

कोठीत कोणी नव्हतं.

हेडफोन खुंटीले. खुर्चीवर मांजर झोपलेली.

मागच्या ओट्यावर अश्वजित विडी ओढत बसला होता. मले पाहून चपापला.

"तू इथी काय करून राह्यला?"

"रागवू नका मावशी. वहिनी बसली की मी उठून इकडे येतो. त्या बाईले रोज 'माहीत नाही' म्हणवत नाई माझ्यानं. मी बोलणंच सोडलं. नूतन मॅडमले सांगू नका."

"कधीपासून?"

"लय दिवस झाले."

"मंग आता कोन बोलून राह्यलं?"

"आता? कोनीच नाई."

आणि आतून आवाज आला...

"मी घाटावरच आहे."

अश्वजित माझ्या तोंडाकडे पाहत होता. त्यानं विडीचा झुरका घेतला. त्याले काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी समोर धावली. डब्ब्याची तार धरली आणि उपटली. भिंतीच्या मातीसकट निघाली.

खोली शांत झाली. पावसाचाही आवाज नाई.

तार माझ्या मुठीत होती.

तेव्हा डब्बा बोलला...

"ठाणेदारीन, तू काऊन नाई विचारत?"

आवाज तोच सपाट. पण मागं हसू होतं.

नूतन परत आली. मी तिले झाडली, तशी तिनं ते सगळं तिथंच बंद केलं. अन्नपूर्णेले कोठीत नेलं, माईक दाखवला, हात जोडले. "वहिनी, आम्हाला माफ करा. यंत्र नव्हतंच. मागे माणूस होता."

अन्नपूर्णा म्हणाली, "ते तं मले पहिल्याच दिवशी समजलं, बाई. अश्वजितभाऊ खोकलले की डब्बा खोकले."

अश्वजितनं मान खाली घातली.

मग ती हळूच म्हणाली...

"दुसरा नाई खोकलत."

डब्ब्यासमोरचं सारं बोलणं टेप होत असे. नूतननं ती टेप लावली. अन्नपूर्णा विचारते... मग नुसती खरखर. अन्नपूर्णा हसते... पुन्हा खरखर.

नूतनले खरखर ऐकू आली. अश्वजितले खरखर ऐकू आली.

मी अन्नपूर्णेकडे पाह्यलं. तिनं माझ्याकडे. आमी दोघींनी काय ऐकलं, ते त्यांना सांगितलं नाई.

त्यांनी सामान बांधलं. डब्बा तुटका म्हणून इथीच टाकून गेले.

अन्नपूर्णेकडून मी शब्द घेतला, घाटावर जायचं नाई. तिनं दिला. म्हणाली, "तुमी आहा तोवर नाई जाणार, आई." तेवढ्यासाठी मी तब्येत सांभाळून आहे. दरसाल नदी उतरते, तेव्हा माझी खाट मी दारालेच आडवी लावते.

डब्बा फेकाले मी कितीदा हातात घेतला. पुन्हा पेटीत, लुगड्यांच्या खाली ठेवला. तो काही बोलत नाई. पण दुपारी घर सुनं असलं की पेटीकडून असं वाटते... कोणीतरी वाट पाहून राह्यलं आहे.

मी भूत मानत नाई.

पण मी अजून विचारलंही नाई. कारण विचारलं तं तो बोलेल...

आणि मंग खाट बाजूले सारून अन्नपूर्णेच्या आधी मीच निघेन.