आ-सेंगच्या लाल खडावा

आधीच सांगतो, ही गोष्ट खरी आहे. रचली असती तर निदान रात्रीची तरी रचली असती.

ही घडली भर दुपारी. गेल्या हिवाळ्यात, वर्षातल्या सगळ्यात लहान दिवशी, फेंगहुआंग डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात.

तो दिवस आमच्याकडे मोठा सण असतो, त्याला जो तो घरी येतो. मीही ग्वांगजौहून आलो. आधी रेल्वे, मग बस, मग चहाची पोती नेणाऱ्या टेंपोच्या मागे बसून. पोत्यांवर ताडपत्री होती. माझ्यावर नव्हती.

घरी पोचल्यावर आईने गरम वाडगा हातात दिला. चिकट तांदळाच्या पिठाचे पांढरे-गुलाबी गोळे, आल्या-गुळाच्या पाण्यात. पहिल्या घोटाला बोटं परत माझी झाली.

हे गोळे खाल्ले की माणूस एका वर्षाने मोठा होतो. वाढदिवसाचं आमच्याकडे फारसं कुणी मनावर घेत नाही. वय वाढतं ते या वाडग्यातून.

आता माझ्या धाकट्या भावाबद्दल.

आ-सेंग. पाच वर्षांचा असताना तापाने गेला.

गेलेल्या माणसांना त्या दिवशी आम्ही डोंगरावर, थडग्यापाशी जेवण नेतो. भात, कोंबडी, संत्री. गोळे नाहीत. उघड आहे. मेलेल्याचं वय वाढवून करायचं काय?

आई मात्र दरवर्षी थर्मासमध्ये गोळे भरून न्यायची.

शेजारच्या खो काकूंनी एकदा तिला अंगणातच अडवलं.

"अगं, त्याला गोळे नको घालूस. मोठा होईल तो!"

"होऊ दे की. तुझी मुलं होतात, माझ्या पोराने काय पाप केलंय?"

"माझी जिवंत आहेत गं!"

"त्यात तुझं काय कौतुक?"

मी पोट धरून हसलो होतो.

मग त्याचं पंधरावं वर्ष आलं. पंधरा वर्षांच्या पोराला आम्ही लाल खडावा घालून मोठ्या माणसांत घेतो. आईने त्याच्यासाठीही आणल्या. थडग्यापाशी ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी त्या तिथे नव्हत्या.

"चोरल्या कुणीतरी," मी म्हणालो.

"घातल्या त्याने."

"बसल्या का मग?"

"जरा सैल आहेत. पोरं वाढतात."

तेव्हाही मी हसलो.

गेल्या वर्षी आईचे गुडघे धरले. तिने थर्मास माझ्या हातात दिला.

"आ-तेक, यंदा तू जा. चांगला भरलाय. यंदाचे खाल्ले की तो कर्ता होतो."

"कर्ता होऊन करणार काय?"

"पुढच्या सणाला मला घेऊन जाणार आहे. आईला सांभाळायला नको?"

"कुठे घेऊन जाणार?"

आईने डावाने खिडकीबाहेर दाखवलं.

डोंगराकडे.

या वेळी मात्र मला हसू आलं नाही.

मी थर्मास घेऊन निघालो. ठरवूनच निघालो होतो... वर पोचवायचाच नाही. ओतूनही द्यायचा नाही, कारण जमिनीत गेलं की त्यालाच मिळणार. अर्ध्या वाटेवर चहाची पानं निवडायची शेड आहे. तिथे थर्मास मांडीवर घेऊन बसलो.

धुकं खाली उतरलं.

पाखरं गप्प झाली.

वाराही थांबला.

आणि मग वरच्या पायऱ्यांवरून...

खट.

मी श्वास रोखला.

खट... खट... खट...

लाकूड दगडावर आपटत होतं. कुणीतरी सावकाश उतरत होतं. पोराची पावलं नव्हती ती. चांगला वजनदार माणूस होता.

आवाज शेडसमोर आला. धुक्यात दिसलं काहीच नाही. तो थांबला नाही. माझ्याकडे वळलाही नाही. ओळख असून न बघता जाणाऱ्या नातेवाइकासारखा पुढे गेला.

खाली. गावाकडे.

आल्याचा वास आला.

मी थर्मास उचलला... हलका लागला.

झाकण घट्ट होतं. उघडलं. आत वाफ होती.

फक्त वाफ.

मी धावत सुटलो.

उंबऱ्याशी लाल खडावा होत्या. चिखलाने भरलेल्या. शेजारी माझं पाऊल ठेवून पाहिलं. कसं कोण जाणे, पण ठेवलं. माझं लहान भरलं.

टेबलावर आणखी एक वाडगा होता. रिकामा. काठावर आल्याचे तुकडे ओळीने काढून ठेवलेले.

आ-सेंगला आलं आवडायचं नाही.

"थोडक्यात चुकामूक झाली बघ तुमची," आई म्हणाली. इतकी आनंदात मी तिला कितीतरी वर्षांत पाहिली नव्हती.

वळून पाहतो तर उंबरा मोकळा. नुसता चिखल.

"आई, माझ्याबरोबर शहरात चल. आत्ताच्या आत्ता."

"तुझ्या त्या खोलीत? दोघं उभे राहिले तर दार लागत नाही तिथे."

"आणि त्याच्याकडे कुठे जागा आहे?"

"करतोय तो."

सकाळी मी वर गेलो. थडग्याशेजारी माती उकरलेली होती. कुदळीने नाही... बोटांनी.

मी आणि खो काकूंच्या घरच्यांनी मिळून खड्डा बुजवला. वर दगड ठेवले.

दुसऱ्या दिवशी दगड बाजूला रचलेले होते. नीट, एकावर एक. आमच्या घरात तेवढा टापटिपीचा तोच होता.

आईला घेऊन बसथांब्यावर गेलो. धुकं आलं, बस आलीच नाही. असं कितीदा झालं. ड्रायव्हरला गाठून विचारलं, तर तो माझ्यावरच उखडला. "मी येऊन हॉर्न मारून गेलो. थांब्यावर तुम्हीच नसता!"

शेवटी नोकरी सोडून मी इथेच राहिलो. वर्षभर आईवर नजर ठेवून आहे. तिचे गुडघे एकदम बरे झालेत. डॉक्टरांनी कौतुक केलं. मला रडू आलं.

आता सण तोंडावर आलाय.

चिकट तांदळाचं पीठ मी नदीत टाकून आलो. सकाळी बरणी भरलेली. पुन्हा टाकलं. पुन्हा भरलेली. आई म्हणते, "अन्न असं टाकू नये रे." आणि गाणं गुणगुणत गोळे वळायचा सराव करते.

परवा मात्र वळता वळता तिचा हात थांबला.

"मी गेल्यावर तुझं कसं होणार रे? साधा भात येत नाही तुला."

"मग जाऊ नकोस ना, आई."

तिने हातातला गोळा ताटलीत ठेवला.

"बघते. विचारते त्याला."

काल संध्याकाळी मी अंगणात होतो. आत आई कुणाशी तरी बोलत होती. मग मागच्या दारातून... खट... खट...

आई बाहेर आली. पिठाच्याच हाताने तिने माझ्या गालावरून हात फिरवला.

"हो म्हणाला. जागा जरा लहान आहे, पण म्हणाला, दादा ॲडजस्ट करील."

आज सकाळी वर जाऊन आलो.

खड्डा रुंद झालाय.