भिंतीकडची बोली

आमच्याकडचा लिलाव अग्निशमन दलाच्या हॉलमध्ये भरतो. बंब बाहेर काढतात, आत खुर्च्या मांडतात आणि चर्चच्या बायका दाराशी गरम सूप विकायला बसतात. लिलाव पुकारतो हॅस्केट. उभ्या जन्मात त्याने बंदूक धरली नाही, पण ओहायोत लिलाव पुकारणाऱ्याला कर्नल म्हणायची रीत आहे, म्हणून तोही कर्नल.

मी जुन्या नाण्यांचा शौकीन. अशा लिलावात कसं कसं फसवतात ते मला तोंडपाठ. घासून चमकवलेली नाणी, ओतीव नकला आणि सगळ्यांत वाईट म्हणजे भिंतीकडची बोली. खरं गिऱ्हाईक एकच उरलं की पुकारणारा मागच्या भिंतीकडे बोट करतो, न झालेली बोली घेतो आणि भाव चढवतो. त्या शनिवारी चांदीचा एक जुना डॉलर येणार होता. कर्नलला रंगेहाथ पकडायचं म्हणून मी बायकोला, नडीनला, शेवटच्या रांगेत बसवलं.

"तिथे मला थंडी वाजते," ती म्हणाली.

"मग कोट काढू नकोस. मागून कोण बोली लावतंय तेवढं बघ."

"आणि मला काय मिळणार?"

"सूप."

"लग्न झाल्यापासून सूपवरच भागवतोयस मेल्या."

डॉलर आला. मी बोलीचं कार्ड वर केलं. कर्नलने माझ्या डोक्यावरून मागे बोट दाखवलं. पुन्हा मी, पुन्हा भिंत. मी वळून पाहिलं. शेवटच्या खुर्च्या भिंतीला टेकलेल्या होत्या, मागे मांजरही मावलं नसतं. त्या रांगेत नडीन एकटीच होती. मान वळवून ती वर, भिंतीकडे बघत होती आणि ओळखीचं कोणी भेटल्यासारखी हसत होती.

मला चेव चढला. चौपट भाव देऊन डॉलर घेतला आणि पैसे भरायला गेलो.

गाडीत मी विचारलं, "भिंतच होती ना?"

"छे रे. तपकिरी कोटातला माणूस होता. स्वभावाने गरीब वाटला. तू जिंकलास तरी चिडला नाही." ती हात चोळत होती. "फक्त कार्ड खाली करेना."

"थट्टा पुरे."

"मी कशाला थट्टा करू?"

घरी नाणं भिंगाखाली धरलं. कडेला ओतकामाचा सांधा स्पष्ट दिसला. नकली! माझं डोकं फिरलं. नडीन दारात उभी राहून रस्त्याकडे बघत होती, अंगात कोट तसाच. मी तिच्याशी न बोलताच हॉलवर परतलो.

कर्नल एकटाच खुर्च्या मिटत होता.

"आहे तसा माल घेतलास, लेका. परत नाही," मी तोंड उघडायच्या आत तो म्हणाला.

"आणि भिंतीच्या बोल्या?"

"आईशपथ, आज एकही नाही. तपकिरी कोटवाला होता ना, नडीनच्या मागे उभा."

"मागे भिंत आहे, हॅस्केट."

"हो," तो म्हणाला. "आत्ता खुर्च्या उचलताना मलाही तेच दिसलं."

तो खाली बसला.

"तू पैसे भरायला गेलास तेव्हा माल संपला होता. पण त्याचं कार्ड वरच. कार्ड दिसलं की माझं तोंड आपोआप चालतं, व्हर्लिन. एक वार, दोन वार, तीन वार... म्हणून मोकळा झालो."

"कशावर? टेबल तर रिकामं होतं."

"तो टेबलाकडे बघतच नव्हता रे."

मी नडीन बसली होती त्या जागेकडे पाहिलं.

"माल कधी नेऊ, विचारलं त्याने. मी नेहमीचा नियम सांगितला. सूर्य मावळायच्या आत उचलायचा."

मी गाडी पिटाळली. कापणी झालेल्या मक्याच्या रानावर ऊन कलत होतं. नडीन घरात असू दे, एवढंच मी पुटपुटत होतो.

ती बाहेर पायरीवर बसली होती. कोटाची सगळी बटणं लावलेली.

"आत चल."

"ओव्हनमध्ये जेवण आहे. गार व्हायच्या आत खाऊन घे."

"नडीन, आत चल म्हणतोय ना!"

ती उठेना. मी तिच्या शेजारी टेकलो आणि तिचा दंड घट्ट धरला. रस्त्यापलीकडे सूर्य अर्धा बुडाला होता.

"अरे, बघून बस ना," नडीन नेहमीसारखीच करवादली. "त्यांच्या हातावर बसलास."