हिरव्या जोडीचं निळं पिल्लू

पिंजरा काउंटरवर आदळत मी म्हटलं, "फसवलंत मला. दोन्ही पक्षी हिरवे दिलेत, आणि पिल्लू बघा… निळं."

पक्षीवाला गालात हसला. "संशय मादीवर घेताय, की माझ्यावर?"

"तुमच्यावर. ती बिचारी पिंजरा सोडून जाणार कुठे?"

मग त्याने मला स्टुलावर बसवून समजावलं. रंगाच्या दोन खुणा असतात — एक आईकडून, एक बापाकडून. हिरवी जोरकस, एकटी असली तरी पक्षी हिरवाच. निळी गप्प दडून राहते, दोन्हीकडून आली तरच दिसते. "चारांत साधारण एखादं निघतं असं," तो म्हणाला, आणि माझ्याकडे असा बघत राहिला की पुढचं मला ऐकूच आलं नाही.

नंतर मी सारखी दाणे न्यायला जाऊ लागले. पक्षी एवढेसे, दाणे किलोभर. "तूच खातेस की काय?" तो चिडवायचा. मी पार प्रेमात पडले होते, त्यात लपवायचं काय?

लग्नाचा विषय निघाला तेव्हा मात्र दादाबद्दल सांगावंच लागलं. धडधाकट आईबाबांच्या पोटी आलेला माझा भाऊ दर महिन्याला रक्त चढवून जगला, आणि कॉलेजात जायच्या आधीच गेला. त्या आजाराची एक खूण माझ्यातही आहे… गप्प बसलेली. "तूही तपासून घे," मी म्हटलं.

त्याच्यातही निघाली.

"पोटात असतानाच तपासता येतं गं," तो म्हणाला.

"आणि निघालं तर?"

"मग… मूलच नको." गल्लीतली सगळी पोरं ज्याच्या दुकानात पडीक असतात, तो हे म्हणत होता.

घरी आई कपड्यांच्या घड्या घालत होती. मी विचारलं, "आधी माहीत असतं, तर बाबांशी लग्न केलं असतंस?"

तिने हातातली घडी पुरी केली. मग म्हणाली, "नाही गं." आणि घातलेली घडी मोडून पुन्हा घालत बसली.

मी त्याला आईचं उत्तर सांगितलं, आणि माझंही तेच आहे म्हटलं. त्याचे डोळे भरून आले. "अगं, त्या नाही म्हणाल्या असत्या, तर तू नसतीस."

"दादाही नसता. त्याचे हाल तरी झाले नसते."

"माझ्यावर प्रेम नाही का तुझं?"

"आहे ना. म्हणून तर… तुझ्यासारखं हसणारं पोर मला दादाच्या त्या खाटेवर बघवणार नाही. आणि मूल नाही म्हणून कुढणारा तूही बघवणार नाहीस."

त्याने माझा हात घट्ट धरला. मी हात सोडवून घेतला, आणि रस्त्यावर येऊन ढसाढसा रडले.