ताईबाईने मोजलेले श्वास

"एक... दोन... तीन... चार... आता सोडा... सावकाश..."

ओट्यावर चटई टाकून रुपचंद आबा डोळे मिटून बसले होते आणि समोर बसलेली त्यांची बायको ताईबाई त्यांच्यासाठी आकडे मोजत होती. चार आकड्यांत श्वास आत, सहा आकड्यांत बाहेर. दहा मिनिटं सकाळी, दहा मिनिटं संध्याकाळी! बीपीची गोळी चालू ठेवून सोबत हेही करायचं, असं उपकेंद्रातल्या सरिता सिस्टरने सात महिन्यांपूर्वी शिकवलं होतं. खरं तर ज्याचं त्याने मनात मोजायचं. पण आबा म्हणाले होते, "तीस वरीस एसटीमा माणसं मोजी मोजी जीव गया. आते माले नको लावू मोजाले." आणि नवऱ्याचं ओझं आपल्या डोक्यावर घ्यायची ताईबाईची सवय जन्माचीच!

दुसऱ्याचा श्वास मोजताना स्वतःचा मात्र कोंडून धरावा लागतो. सहापर्यंत पोचेतो तिच्या डोक्यात घण पडायचे, डोळ्यांपुढे काजवे चमकायचे... पण तुला काय होतं गं, असं विचारणारं त्या घरात होतं कोण?

होती एक. सोनल! एकुलती एक लेक. सहा वर्षांपूर्वी तिने जातीबाहेरच्या प्रेमराजशी लग्न केलं आणि जळगावला पिंप्राळ्यात संसार थाटला. ती बातमी आली त्या दिवशी आबांना भोवळ आली, डॉक्टरांनी बीपी सांगितला, आणि तेव्हापासून त्या घरात बीपीचंच राज्य सुरू झालं. बीपी आबांचा, पथ्य सगळं ताईबाईला! लेकीचं नाव घ्यायचं नाही, तिचा फोटो भिंतीवर ठेवायचा नाही. गावच्या रीतीप्रमाणे ताईबाई नवऱ्याला 'सोनलना आबा', म्हणजे सोनलचे बाबा, म्हणून हाक मारायची, तीही बंद झाली. तीस वर्षांचा संसार केलेल्या बाईला नवऱ्याला हाक मारायला शब्द उरला नाही. "तिले फोन कया ना, तर मन्ही शीर फुटी जाई. मंग बस पांढरं कपाळ लिसन!" असं आबांनी बजावलं होतं. आपल्या कुंकवाच्या भीतीने त्या माउलीने पोटच्या गोळ्याकडे पाठ फिरवली होती.

पण हा व्यायाम सुरू करताना तिने धीर करून एक शब्द मागून घेतला होता. बीपी उतरला, तर येत्या आखाजीला, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, सोनलला माहेरी आणायचं. "पहिले उतरू तर दे, मंग दखसूत," आबा म्हणाले होते. त्या एका 'दखसूत'वर, 'बघू'वर, ताईबाईने सात महिने आकडे मोजले होते. आता आखाजी चार दिवसांवर आली होती. गल्लीतल्या सासुरवाशिणी माहेरी येऊ लागल्या होत्या, निंबाला झोके बांधले होते...

सरिता सिस्टर आली. आबांच्या दंडाला पट्टा बांधून तिने हवा भरली आणि हसली. "एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. आबा, फारच छान! गोळी मात्र सोडू नका."

ताईबाईचं काळीज हर्षाने उचंबळून आलं. पदराने डोळे टिपत ती म्हणाली, "उतरना ना वं माय! अहो... मंग आखाजीले बलावूत ना पोरले?"

आबांचा चेहरा क्षणात दगडासारखा झाला. "तिनं नाव काढू नको. परत वाढी जाई."

बस्स! सात महिन्यांची तपश्चर्या त्या माणसाने एका वाक्यात धुळीला मिळवली! ताईबाई उठायला गेली आणि तोल जाऊन खांबाला टेकली. सरिताने तिला धरून बसवलं, आबांच्या हातावरचा पट्टा तिच्या दंडाला बांधला, एकदा मोजलं, थांबून पुन्हा मोजलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू पार मावळलं.

"अक्का, एकशे शहाण्णव, एकशे चौदा! डोकं कधीपासून दुखतं?"

"पोर गयी तवयपासून."

"आणि कोणाला सांगितलं नाहीत?"

"कोणले सांगू? घरमा बीपी एकच व्हता, यास्ना."

सरिताने रुग्णवाहिकेला फोन लावला. आबा घाबरले. कधी नव्हे ते बायकोसमोर मांडी घालून बसले आणि कापऱ्या आवाजात म्हणाले, "डोळा मिट. मी मोजस. एक... दोन..."

"नका मोजू, सोनलना आबा!"

सहा वर्षांनी ती हाक त्या घरात उमटली. ताईबाईच्या डोळ्यांतून धारा वाहत होत्या, पण आवाज कापत नव्हता. "दवाखानामा येस मी, गोळीबी खास. पण मन्हा श्वास मोजानं सोंग करू नका. तुम्हीच कोंडेल शे तो!"

आबांनी मान खाली घातली. खिशातून फोन काढून ते पुटपुटले, "नंबर नही मन्हापास..."

ताईबाईने दहाही आकडे एका दमात सांगितले. सहा वर्षांत एकदाही न लावलेला लेकीचा नंबर... तिला देवाच्या नावासारखा पाठ होता!

पलीकडे घंटी वाजली. आबांना कमी ऐकू येई, म्हणून फोनचा स्पीकर नेहमी चालू असे.

"हॅलो?"

"सोनल... मी आबा..."

मग लेकीचा आवाज आला, अगदी हळू, जणू ती या फोनची सहा वर्षं भीत भीत वाट पाहत होती...

"आबा... माय कधी गयी?"

आबांच्या तोंडून हुंदका फुटला. "नही गयी, बेटा... शे, आठेच शे... मीच तिले मारी राह्यंतू."

ताईबाईने त्यांच्या हातून फोन घेतला. बोलायचं सहा वर्षांचं साठलं होतं, तरी ती नुसती लेकीचं रडणं ऐकत राहिली.